तारखेची वाट पाहणाऱ्या आया

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला बोलावताना तुम्ही विषय दिलात 'मुलांचे मानसिक आरोग्य'. विषय फार मोठा आहे. मी त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे, ती म्हणजे रांग. मूल अडचणीत आहे हे कळल्यापासून त्याला कुणीतरी नीट बघेपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांबद्दल. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात, बालमार्गदर्शन विभागात, मी समाजसेविका म्हणून बरीच वर्षे काम केले. तारखा देण्याची वही माझ्याकडे असायची. तेव्हा आज मी जी तक्रार मांडणार आहे, तिच्यातली एक आरोपी मीसुद्धा आहे, हे आधीच सांगून टाकते.

२०१८ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. एक आई पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी वर्गात एकदम पडायची, दातखीळ बसायची. गावात आधी देवऋषी करून झाला होता, मग तालुक्याचे डॉक्टर झाले, मग आमच्याच रुग्णालयात मेंदूचा आलेख काढून झाला. सगळे ठीक निघाले. केसपेपरवर एक ओळ लिहून त्यांना आमच्याकडे पाठवण्यात आले. आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ एक, आणि मुलांसाठी आठवड्यातला एक दिवस. मी वही उघडली, पहिली रिकामी जागा शोधली आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख चिठ्ठीवर लिहून दिली. आई म्हणाली, "मॅडम, तवर काय करू?" मी म्हणाले, "तिला रागावू नका, वेळेवर जेवू घाला." तिच्या मागे आणखी बायका उभ्या होत्या. एवढेच आमचे बोलणे झाले.

ऑक्टोबरमध्ये ती आई बरोबर तारखेला आली. एकटीच आली. म्हणाली, "मॅडम, तिचं लगीन झालं. फिट येतात हे गावभर व्हायच्या आत तिच्या बापानं उरकून टाकलं. तुमचा नंबर उगा वाया जायला नको, दुसऱ्या कुणाच्या लेकराला द्या." ऊसतोडीला जाणारे घर होते ते. टोळी निघायला चार दिवस राहिले होते, आणि आपला नंबर दुसऱ्या मुलाला मिळावा म्हणून ही बाई एक दिवसाचा रोज बुडवून आणि एसटीचे भाडे घालून आली होती.

तुम्ही विचाराल, तक्रार केली का? केली. १०९८ वर कळवले, ग्रामसेवकाला फोन केला, कारण गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. पण ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. त्या जोडीच्या नावावर उचल घेतलेली होती आणि जोडी दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेली होती. ती मुलगी मला पुन्हा दिसली नाही. जूनमध्ये मी तिला अर्धा तास वेगळे बसवले असते, तर घरात लग्नाची बोलणी चालली आहेत एवढे तरी मला कळले असते. तिची दातखीळ बहुधा त्याबद्दलच काही सांगत होती. तेव्हा बालविवाह टाळायला माझ्या हातात चार महिने होते. ते मी तारखेत घालवले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. म्हणजे रांगेत थांबलेल्या मुलीच्या बाबतीत 'थोडी वाट पाहा' या शब्दांचा अर्थ काय होऊ शकतो, ते आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको.

रांगेत कोण उभे असते?

वहीत नाव मुलाचे असते. उभी असते आई. मी इतक्या वर्षांत बाप पाहिले नाहीत असे नाही. पण ते बहुतेक वेळा दाखल्याच्या दिवशी, सहीपुरते. खेपा घालते आई, रोज बुडतो आईचा, धाकटे मूल शेजारी ठेवून येते आई. आणि या सगळ्या दिवसांत घरचे तिला काय म्हणतात? तुझ्या लाडाने बिघडला. तू कामावर जातेस म्हणून बोलत नाही. तुझ्या माहेरचे कुणीतरी असेच असणार.

हे फक्त अडाण्यांचे बोलणे आहे असे समजू नका. शिकलेल्या डॉक्टरांनीही हेच केले आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत स्वमग्न मुलांचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले, त्यात या मुलांच्या आई-बापांत मायेचा ओलावा कमी असतो असे नोंदवले. पुढे ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली पुस्तक लिहून आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते हे मत घरोघरी पोचवले. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ सालीच ते खोडून काढले होते. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. आज कोणताही जाणकार आईला दोष देत नाही. पण हे 'जाणकार' जोवर भेटत नाहीत, तोवर घरात आणि गावात जुनेच शास्त्र चालू असते. आई जितके महिने वाट पाहते, तितके महिने ती आरोपी म्हणून घरात वावरते. म्हणून मला हा प्रश्न स्त्रियांच्या चळवळीचा वाटतो.

दुसरी गोष्ट मुलींची. मी एकदा जुन्या वह्या काढून बसले तेव्हा लक्षात आले की लहान वयाची नावे बहुतांशी मुलग्यांची आहेत. मुलगा बोलत नाही, वर्गात दंगा करतो, परीक्षेत नापास होतो, तर त्याला आणतात. मुलगी गप्प बसली तर ती शहाणी ठरते. लक्ष लागत नसले तरी ती खिडकीबाहेर पाहत बसते, कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिचे नाव वहीत येत नाही. स्वमग्न मुलीचेही निदान मुलापेक्षा उशिरा होते, हे जगभर दिसून आले आहे. मुलगी येते ती मोठी झाल्यावर, झटके येऊ लागल्यावर, अंगात येऊ लागल्यावर, किंवा तिने काहीतरी पिऊन घेतल्यावर. म्हणजे रांगेत लागायलाच तिला उशीर झालेला असतो. वर आम्ही तिला महिन्यांची तारीख देतो.

कागदावर काय आहे?

आपल्याकडे सुरुवात उशिरा झाली असे म्हणता येणार नाही. देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली मुंबईत, आज जी टाटा समाजविज्ञान संस्था आहे तिथे निघाले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्याच राज्यात, पालघरला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन मुले तपासतात. वाढीत मागे पडलेली मुले शोधून वर पाठवणे हेही त्यांचे काम आहे.

आता यातली अडचण पाहा. खाली शोधणारे हात वाढले, ही चांगली गोष्ट. पण वरचे दार तेवढेच राहिले. अंगणवाडी सेविका चिठ्ठी देते, पथक चिठ्ठी देते, शाळा चिठ्ठी देते. साऱ्या चिठ्ठ्या एका खोलीसमोर येऊन थांबतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलामुलींना मानसिक आजार आढळला. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले, महाराष्ट्र त्यात नव्हता.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. त्याचे कलम १८ प्रत्येकीने वाचावे असे आहे. मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा हक्क आहे असे ते म्हणते. मुलांसाठीच्या सेवा त्यात स्पष्टपणे धरल्या आहेत. आणि कुणालाही, मुलांनासुद्धा, सेवेसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, असेही त्यात आहे. मात्र किती दिवसांत सेवा मिळाली पाहिजे, हे त्या कलमात लिहिलेले नाही. हक्क आहे, पण हक्काला तारीख नाही.

नळावरची रांग

डॉक्टर कमी आहेत म्हणून रांग आहे, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. ते खरे आहे. पण पूर्ण खरे नाही, हे मला फार उशिरा कळले. नळावरच्या हंड्यांचे उदाहरण घ्या. समजा, रोज दहा नवे हंडे येतात आणि रोज दहाच भरले जातात. पण कधीकाळी पाणी आले नव्हते तेव्हाचे पन्नास हंडे रांगेत तसेच आहेत. मग प्रत्येकीला पाच दिवस थांबावे लागते, जन्मभर. नळ रोजच्यापुरता पुरतो आहे, तरीही. अशा वेळी एकदा टँकर आणून ते जुने पन्नास हंडे भरून टाकले, की रांग संपते. पण रोज दहा येत असतील आणि आठच भरत असतील, तर कितीही टँकर आणा, दुसरा नळच घ्यावा लागेल. आपली रांग पहिल्या जातीची की दुसऱ्या, हे वही नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. आम्ही ती कधी पाहिलीच नव्हती. आम्ही फक्त पुढचे पान उलटत होतो.

आणि नळावर अजून एक होते. जिला फक्त तांब्याभर पाणी हवे, ती पिंप घेऊन आलेल्या बाईच्या मागे उभी असते.

त्या ऑक्टोबरनंतर आम्ही वही उघडून एकेका नावाला फोन केला. तेव्हा दिसले की रांग एक नव्हतीच. काहींना फक्त दाखला हवा होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले, त्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आली. दहावीचे फॉर्म भरायच्या दिवसांत सवलतीच्या दाखल्यासाठी गर्दी उसळायची. काहींना जुनेच औषध पुन्हा लिहून हवे होते. काही जण वाट पाहून कधीच थांबले होते. काहींना कुणीतरी एकदा बसून समजावून सांगायला हवे होते. आणि काही थोडी मुले अशी होती, की ज्यांना एक दिवसही थांबवायला नको होते. ती सगळी एकाच रांगेत, आली त्या क्रमाने उभी होती.

मग आम्ही काय केले ते सांगते. दाखल्याचा दिवस वेगळा केला. स्थिर झालेल्या मुलांचे औषध गावाजवळ मिळेल अशी सोय लावली, म्हणजे महिन्याची खेप वाचली. आणि सगळ्यात महत्त्वाचे, पहिली भेट डॉक्टरांची असलीच पाहिजे हा हट्ट सोडला. नवी चिठ्ठी आली की त्याच दिवशी, नाही तर दोन आठवड्यांच्या आत, मी किंवा आमची मानसशास्त्रज्ञ आईशी आणि मुलाशी अर्धा-पाऊण तास बोलायचो. मोठ्या मुलीशी आईला बाहेर बसवून. विचारायचो काय? जीव द्यावासा वाटतो का. घरात मारहाण होते का. कुणी अंगाला हात लावते का. शाळा सुटली आहे का. आणि लग्नाची बोलणी चालू आहेत का. यांतल्या एकालाही 'हो' आले तर त्या मुलाला रांग नाही. शेवटी आईला विचारायचो, "तुम्हाला स्वतःला काय हवंय?" हा प्रश्न पुष्कळ बायकांना आधी कळायचाच नाही.

तारीख चुकलेल्यांची नावे मी पूर्वी लाल शाईने खोडत असे. 'बेपर्वा पालक' असे आम्ही आपसात म्हणायचो. फोन करू लागलो तेव्हा कळले की आम्ही दिलेली तारीख ऐन ऊसतोडीच्या हंगामात होती. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जी बाई फडात आहे, तिला जानेवारीची तारीख देणे म्हणजे नाही म्हणणेच. पुढे आम्ही विचारून तारीख देऊ लागलो. गाडी किती वाजता पोचते, बाजाराचा वार कोणता, हंगामाला कधी जाणार.

आम्ही काही नवा शोध लावला असे नाही. हे इतरत्र शास्त्रशुद्ध रीतीने झालेले आहे. इंग्लंडमध्येही मुलांच्या मानसिक सेवांसाठी महिनोन्महिने थांबावे लागते. तिथल्या सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्ये चार आठवड्यांत सेवा देण्याचा प्रयोग काही भागांत करू असे जाहीर केले. त्याच्या कितीतरी आधी अ‍ॅन यॉर्क आणि स्टीव्ह किंग्जबरी या बालमानसोपचारतज्ज्ञांनी एक पद्धत बसवली होती. पहिली भेट लवकर द्यायची, तिच्यात कुटुंबाला काय हवे ते ठरवायचे, मग ज्याच्या अंगी ते कौशल्य आहे त्याच्याकडे पाठवायचे, आणि कामाचे तास मोजून तारखा द्यायच्या. आणि आपल्या शेजारी गोव्यात, त्याचबरोबर पाकिस्तानात रावळपिंडीला, स्वमग्न मुलांच्या आई-वडिलांना मार्गदर्शन करण्याचा एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ६५ मुले होती. मार्गदर्शन करणारे तज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते होते. मुलांशी आई-वडिलांचे वागणे सुधारले आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. म्हणजे तज्ज्ञाची तारीख येईपर्यंत काहीच करता येत नाही, हे खरे नाही.

पण सावध राहू या

इथे मला तुम्हाला सावध करायचे आहे. 'तज्ज्ञ नसले तरी चालते' हे वाक्य सरकारला फार आवडेल. ते लगेच म्हणतील, मग हे काम आशाताईंना द्या, सेविकेला द्या. त्यांच्यावर आधीच किती रजिस्टरे आहेत ते तुम्ही जाणता. रांग कमी करायची आणि तिचे ओझे कमी मोबदल्याच्या बाईच्या डोक्यावर ठेवायचे, हे आपण मान्य करता कामा नये. प्रशिक्षण हवे, मोबदला हवा, आणि अडले तर मागे उभी राहणारी तज्ज्ञ व्यक्ती हवी. ती गोव्यातही होती.

तसेच आईचे. "घरी रोज तासभर हे करून घ्या" असे आम्ही सांगायचो. एक बाई मला म्हणाली, "ताई, तो तास कुठून आणू तेवढं पण लिहून द्या." मी निरुत्तर झाले. तेव्हापासून बापाला बोलावल्याशिवाय आम्ही घरचा अभ्यास देईनासे झालो. सगळे बाप आले नाहीत. काही आले.

आणि आम्हाला जे जमले नाही तेही सांगते. पहिल्या भेटीची वाट महिन्यांवरून आठवड्यांवर आली. पण वाचा-उपचारतज्ज्ञाची जागा रिकामी होती, ती मी निवृत्त होईपर्यंत रिकामीच राहिली. न बोलणाऱ्या मुलाला आम्ही लवकर भेटलो, आईला धीर दिला, थोडे शिकवले, आणि पुढे पुन्हा थांबायलाच लावले. ही रांग दुसऱ्या जातीची. ती वही बदलून हटत नाही, तिला माणूस नेमावा लागतो. तीन वर्षांच्या मुलाचे एक वर्ष म्हणजे काय, हे कोणत्याही आईला विचारा.

म्हणून आपण आपापल्या जिल्ह्यात तीन गोष्टी करू शकतो असे मला वाटते. पहिली, माहितीच्या अधिकारात विचारू या: गेल्या वर्षी किती मुलांना वर पाठवले, त्यांत मुली किती, पहिली भेट किती दिवसांनी झाली, किती जागा मंजूर आणि किती रिकाम्या. दहा रुपयांचा अर्ज आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मुलींचा आकडा वेगळा मागायला विसरू नका. दुसरी, चिठ्ठी मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पहिली भेट आणि धोक्याच्या प्रश्नांची विचारणा झालीच पाहिजे, ही मागणी रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत मांडू या. तिसरी, आपल्या केंद्रात जी बाई तारीख घेऊन बसली आहे, तिला एकटी सोडू नये. आठवड्यातून एकदा चार आया एकत्र बसल्या तरी 'तुझ्यामुळे झाले' या वाक्याचा जोर कमी होतो, हे मी पाहिले आहे. रात्री-अपरात्री बोलायचे असेल तर २०२२ पासून सुरू झालेला टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

"मॅडम, तवर काय करू?" असे त्या आईने मला विचारले होते. तिला डॉक्टर लगेच नको होता. तिला तेवढे उत्तर हवे होते, आणि ते द्यायला मानसोपचारतज्ज्ञाची पदवी लागत नव्हती. मला फक्त वही मिटून तिला बसा म्हणायचे होते.

चहानंतर आपण गटागटांनी बसून माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा तयार करू. आपल्या तालुक्यात कोणत्या वारी मुलांची तपासणी होते आणि सध्या कधीची तारीख मिळते, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी कागदावर लिहून आणावे. माहीत नसेल त्यांनी सोमवारी सिव्हिलमध्ये जाऊन, एखाद्या आईच्या शेजारी रांगेत उभे राहून विचारून यावे.